दंडाच्या मागच्या बाजूला

माझा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. एस.टी.त वरचा दांडा धरताना, फळ्यावर उंच लिहिताना, दोरीवर साडी वाळत घालताना तो किंचित वाकलेला राहतो, आणि नव्या ओळखीची माणसं आवाज उतरवून विचारतात, "काय झालं होतं हो?" त्या प्रश्नातला ओलसर मऊपणा मला लहानपणापासून सोसत नाही. हाताला काय झालं ते सगळेच विचारतात. त्या हाताचं मी पुढे काय केलं ते अजून कुणी विचारलेलं नाही. ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना हळहळायचं असेल त्यांनी ही पानं खुशाल उलटून पुढे जावं.

किन्हवलीहून डोंगराच्या दिशेनं निघालं, की शेतांच्या मधोमध आमचं घर लागायचं. बाबा आणि मोठे काका असे दोन भाऊ, पण चूल एक. आणि त्या चुलीवर राज्य मोठ्या काकीचं. घर जागं व्हायचं ते काकीच्या बांगड्यांनी. आधी बांगड्या, मग परातीचा आवाज, मग उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ पडलं की उठणारा तो जाड, गोडसर वास. त्या वासाला मी आजही सकाळ म्हणते. दुपारी वालाच्या बिरड्याचा, संध्याकाळी तव्यावर भाजलेल्या सुकटीचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी बारा महिने राहणारा भाताच्या तुसाचा कोरडा वास. गावात गिरणी आली होती, तरी सणासुदीचे तांदूळ काकी उखळातच सडायची. ती आणि आई समोरासमोर उभ्या राहत. एकीचं मुसळ वर जायचं तेव्हा दुसरीचं खाली यायचं. मी आणि माझी थोरली बहीण सुमन, म्हणजे ताई, ओटीवर अभ्यास करत असू, आणि ते धप्प-धप्प आमच्या पाढ्यांना ताल द्यायचं. पुढे कॉलेजात छंदशास्त्र शिकताना लघुगुरूंच्या खुणा मला कधी जड गेल्या नाहीत. त्या मी आधीच पायाच्या तळव्यांतून शिकून बसले होते.

मी पडले ती उडवीवरून. भाताची झोडणी झाली, की पेंढा रचून खळ्याच्या कडेला उडवी उभी करतात, घरापेक्षा उंच, पिवळीधमक. गुरांसाठी पेंढा काढायला मी वर चढले होते. त्या चकचकीत काड्यांवरून पाय सुटला, आणि तोल सावरायला उजवा हात आधी जमिनीला टेकला. एक आवाज झाला, ओली फांदी मोडावी तसा; दुखणं त्याच्या मागून आलं. ताई धावत आली आणि माझ्या हाताकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यावरून मला कळलं, की हाताकडे बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

मुरबाडकडच्या एका गावात हाड बसवणारे बुवा होते. ते एस.टी.नं आले, चहा प्यायले आणि कोपराच्या वरचं हाड त्यांनी जागेवर बसवलं. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. कसल्याशा पाल्याचा थंडगार लेप, त्यावर बांबूच्या कामट्या, वर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, आणि काटकोनात वाकवलेला हात गळ्यात अडकवून ते गेले. कामट्या कधी सोडायच्या तेही सांगून गेले. पण तो दिवस आला तेव्हा काकी म्हणाली, "राहू दे गो आणखी. घाई कशाला? घट्ट होऊ दे हाड." आणि त्या "आणखी"त मार्गशीर्ष गेला, पौष गेला.

त्या दिवसांत माझ्यावर मायेचा नुसता पाऊस पडत होता. ताई माझी वेणी घालायची. आई आंघोळ घालायची. काकी भाताचा मऊ घास कालवून, त्यावर वालाचं पाणी सोडून, मला समोर बसवून भरवायची. तिच्या स्वयंपाकाच्या धबडग्यातून ती वेळ कशी काढायची कोण जाणे. पाण्याचा तांब्याही मला उचलू दिला गेला नाही. आणि घरातली सगळी माणसं माझ्या उजव्या हाताचं काम आपापल्या हातांनी करत असताना तो हात पट्ट्यांच्या आत अंधारात वाळत होता. बिनकामाचा स्नायू घरात ठेवलेल्या पाहुण्यासारखा नसतो, की बसवून खायला घातलं म्हणजे अंगानं भरेल. त्याला कामच खायला लागतं. हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं.

पट्ट्या सोडल्या तेव्हा आतून जो हात निघाला तो माझा वाटेना. अंधारात मोड आलेल्या कडधान्यासारखा पांढुरका, लेपाच्या आंबूस वासाचा, आणि दंड मनगटाइतका बारीक. मुख्य म्हणजे तो उघडेना. काटकोनात बांधला होता, काटकोनातच राहिला. मी मनातल्या मनात त्याला हुकूम दिला, हो सरळ. पण त्यानं ऐकलंच नाही.

हात असा आखडला, की आमच्याकडे त्यावर एक ठरलेला उपाय होता. मनगटाला दोरीनं पाण्याची कळशी टांगायची आणि खांबाला पाठ लावून उभं राहायचं. वजनानं हात आपोआप खाली येतो, असं सगळ्यांचं म्हणणं. वाकलेल्या फांदीला धोंडा बांधला की ती खाली येतेच की. रोज सकाळी अंगणात माझ्या मनगटाला पितळी कळशी बांधली जायची, आणि मी दातांवर दात दाबून उभी राहायची. येणारीजाणारी बाई थांबायची. "सुटला काय गो जरा?" "नाय ना मावशी, कालच्यापेक्षा घट्ट झालाय." मग पाणी वाढवलं जायचं. मी रडले, की काकी पदरानं माझे डोळे पुसायची आणि दुसऱ्या हातानं कळशीत आणखी एक तांब्या ओतायची. तिच्या दोन्ही हातांत सारखंच प्रेम होतं. त्यातल्या एकानं माझं नुकसान चाललं होतं.

अशात ताईचं लग्न ठरलं. वैशाखात, मांडव आमच्या दारात. आमच्याकडे लग्नाच्या आधी घाणा भरतात. दोन मुसळं आंब्याची पानं लावून हळदीच्या सुतानं एकत्र बांधायची, उखळात हळकुंडं घालायची आणि घरच्या बायकांनी मिळून ती जोडमुसळं धरून कांडायची. ती हळद नवरीच्या अंगाला लागते. मुसळाला पहिला हात करवलीचा, म्हणजे नवरीच्या पाठच्या बहिणीचा. ताईच्या पाठची मी एकटी. त्यात विचारायचं काही नव्हतं, असं मला वाटत होतं. पण एका दुपारी वाल सोलता सोलता काकी आईला म्हणाली, "घाण्याला वंदनाचा हात लावू. करवली पण तीच होईल." वंदना म्हणजे काकीची भाची, मुरबाडची. आईनं विचारलं, "आणि ही?" काकीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मोडक्या हाताची पोर घाण्याला कशी चालंल? सुमनच्या संसाराला नको लागायला काय. ती बसंल की आत, मानानं."

वालाची सालं आईच्या मांडीवर साचत राहिली. मी उठून मागच्या दारी गेले. मला रडू आलं असेल असं सगळ्यांना वाटलं, पण मला रडू आलं नव्हतं. मला राग आला होता, आणि त्याचं तोंड त्या वाकड्या हाताकडे होतं. त्या दुपारी मी ठरवलं, की ताईच्या हळदीला पहिला हात माझा लागेल, आणि हाच लागेल, उजवा.

ठरवणं सोपं असतं. हुकूम कुणाला द्यायचा तेच मला माहीत नव्हतं. ते मला किन्हवलीच्या शाळेत कळलं.

विज्ञानाच्या बाई भातसानगरच्या कॉलनीत राहायच्या. त्यांचे यजमान धरणावर नोकरीला होते. बारीक अंगाच्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्यांच्या, आणि हात रिकामे ठेवून कधी वर्गात न येणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी दोन लाकडी पट्ट्या आणल्या होत्या, टोकाला स्क्रूनं जोडलेल्या, म्हणजे कोपर तयार. सायकलच्या ट्यूबच्या दोन चिरफळ्या त्यांनी एक पुढच्या आणि एक मागच्या बाजूला खिळ्यांना अडकवल्या. पुढची ओढली, पट्टी वाकली. "हा द्विशिरस्क. दंडाच्या पुढचा. हा आखडला की हात वाकतो," बाई म्हणाल्या. "आता सांगा, सरळ कोण करतो?"

पहिल्या बाकावरची म्हणाली, "बाई, तोच. तोच सोडतो ना."

"सोडला तर हात नुसता लोंबेल. मी भिंत ढकलते तेव्हा कोण ढकलतो?"

पोरं हवेतच हात ढकलून बघू लागली. बाई म्हणाल्या, "लक्षात ठेवा, शरीरात ढकलणारा स्नायू एकही नाही. स्नायूला एकच विद्या येते. आखडायचं, आणि आखडताना हाडाला ओढायचं. मेंदूकडून मज्जातंतूतून निरोप आला, की त्याचे बारीक धागे असे एकमेकांत सरकतात." त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून दाखवली. "स्नायू आखूड होतो, जाड होतो, ओढतो. ढकलणं त्याच्या जातीलाच ठाऊक नाही."

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, म्हणजे बैलासारखं. बैल पण ओढतोच फकस्त."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. खडू खाली ठेवून त्याच्याकडे वळल्या. "अगदी बरोबर. मग गाडी मागं न्यायची असेल तर?"

"बैल मागच्या बाजूला जुंपायचा!" आता सगळेच ओरडले.

"झालं. तो मागचा बैल म्हणजे त्रिशिरस्क. दंडाच्या मागच्या बाजूला असतो. तो ओढतो तेव्हा आपण म्हणतो, हात सरळ झाला. आणि तो ओढत असताना पुढच्यानं काय करायचं? सोडायचं. दोघांनी एकदम ओढलं तर गाडी जागेवर घट्ट."

मी उठून उभी राहिले. "बाई, हाताला वजन टांगलं, तर कोण ओढतं?"

"करून बघ. डाव्या हातानं दप्तर धर. कोपर जरा वाकवून."

मी धरलं. शेजारच्या मुलीनं माझा दंड चाचपला. "पुढचा दगड झालाय बाई. मागचा मऊच हाय."

तेवढं पुरलं. ती अंगणातली कळशी, तो वाढत जाणारा तांब्या, ते "कालच्यापेक्षा घट्ट". रोज सकाळी दुखऱ्या, घाबरलेल्या हाताला वजन लटकत होतं, आणि तुटू नये म्हणून पुढचा बैल जिवाच्या करारानं ते वर ओढून धरत होता. अख्खं घर मिळून आम्ही त्यालाच तालीम देत होतो. मागच्याला कुणी हाकसुद्धा मारलेली नव्हती.

बाईंची नजर माझ्या उजव्या हातावर आली. वर्गात त्या काही बोलल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. तास संपल्यावर जिन्यात म्हणाल्या, "आधी डॉक्टरला दाखव. हाड पक्कं जुळलंय का ते मला सांगता येणार नाही, तुलाही नाही. ते कळलं, की पुढचं तुझ्या हातात."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी दोरी घेऊन आली तेव्हा मी कळशी उचलली, डाव्या हातानं, आणि तिच्यातलं पाणी दुधीच्या वेलाच्या मुळाशी ओतलं.

"काय गो हे?"

"आजपासून कळशी नाय."

"नाय म्हंजे? हात सुटायला नको तुला?"

"कळशीनं हात आखडतोय काकी. पुढची शीर ओढून धरते. मागची ओढायला पायजे."

"कोण सांगलं? त्या धरणावरच्या बाईनं? तिनं किती हात सोडवलेत? आमी काय येड्या हाव, इतकी वर्षं कळश्या टांगतोय त्या?" काकीचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला. खाली उतरलेला तिचा आवाज मला जास्त भ्यायला लावायचा. "ठेव मग तसाच. लुळा ठेव. लग्नात आत बस आणि बघत राहा."

"आत मी बसणार नाय," मी म्हणाले. काकीला उलट उत्तर त्या घरात काकांनीही कधी दिलं नव्हतं.

बाबा त्या वादात पडले नाहीत. पण रविवारी सकाळी सायकल काढून, "चल," एवढंच म्हणाले आणि मला शहापूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी फोटो काढला, तो खिडकीशी धरून पाहिला. हाड उत्तम जुळलं होतं. "सांध्यात अडथळा दिसत नाही. पण कुणी ओढायचं नाही, कुणी चोळायचं नाही, काही टांगायचं नाही. हिचा हिनं उघडायचा. दुखेल तिथं थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच जायचं." बाबांनी विचारलं, "पूर्ण सरळ होईल?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." येताना उतारावर बाबा म्हणाले, "सांगता येत नाय म्हणजे नाय, असं नसतं." आयुष्यात त्यांनी मला फार वाक्यं दिली नाहीत. हे एक दिलं.

आता प्रश्न होता, मागच्या बैलाला जुंपायचं कशाला. आजच्या मुली रंगीत रबरी पट्ट्या ओढतात, आरशासमोर. माझी भाची तिच्या जिममधून मला फोटो पाठवते. माझ्यापाशी स्वयंपाकघर होतं. मी बसून पाहू लागले, की घरातल्या कुठल्या कामात कोपर उघडतं. दळण आता गिरणीत जायचं. झाडूला हात वाकलेलाच राहतो. आणि मग एका सकाळी आई उकड मळत होती. तांदळाच्या भाकरीची उकड गरम असतानाच मळावी लागते. तळहाताच्या टाचेनं ती परातीत पुढे रेटायची, परत ओढून घ्यायची, परत रेटायची. त्या रेटण्यात आईचं कोपर उघडत होतं, आणि पातळ पोलक्याच्या बाहीखाली, दंडाच्या मागच्या बाजूला, काहीतरी सरकत, फुगत, मावळत होतं. मी इतकी वर्षं भाकरी खाल्ली, पण ती कोण करतं ते त्या दिवशी पाहिलं.

"मी मळते," मी म्हणाले.

"हात पोळंल," आई.

"पोळू दे."

पहिल्या दिवशी हात पुढे गेलाच नाही. खांदा गेला, कंबर गेली, मी अख्खी परातीवर पडले, पण कोपर जिथल्या तिथे. गरम उकडीची वाफ तोंडावर येत होती, डोळ्यांतलं पाणी आणि वाफ एक झाली होती. भाकरीत ठिकठिकाणी गुठळ्या राहिल्या. मोठे काका जेवताना म्हणाले, "आज पिठात खडे कोणी पेरले?" काकी म्हणाली, "विचारा त्या म्हाराणीला. शाळेत शिकून आल्या भाकरी." दुसऱ्या दिवशी पुन्हा गुठळ्या. तिसऱ्या दिवशी काकीनं परात उचलून घेतली, "पुरे झाली तुझी नाटकं," आणि मी डाव्या हातानं परातीचा दुसरा काठ धरून ठेवला. दोघी ओढत राहिलो, मधे उकड निवत राहिली. शेवटी काकीनं सोडली; पुढे मळताना मला वाटलं, सोडणं हेही एक कामच आहे, ते तिला माझ्या स्नायूपेक्षा लवकर जमलं.

कारण माझा पुढचा स्नायू सोडायला तयार नव्हता. त्याला वाटत होतं, आपण सोडलं की हात तुटेल. तो इमानदार होता, आणि इमानदारांना समजावणं सगळ्यांत अवघड. मी उकडीची ऊब कोपराला लागू द्यायची, एक श्वास घ्यायची, आणि श्वास सोडताना रेटायची. दुखायचं तिथं थांबायची. उद्या परत तिथंच. मळून झालं, की डाव्या हाताची बोटं उजव्या दंडाच्या मागे लावून बघायची, कुणी आहे का घरात. कित्येक दिवस तिथं नुसती सैल कातडी होती. मग एकदा, होळीच्या जरा आधी, पीठ रेटताना त्या कातडीखाली काहीतरी टणक झालं आणि विरलं. भिजवलेल्या वालाच्या दाण्याएवढं. मी पुन्हा रेटलं, पुन्हा झालं. परातीवर वाकलेली मी एकटीच हसले. आजवर मला पुष्कळ टाळ्या मिळाल्या, कवितांना मिळाल्या. पण माझ्याच बोटांखाली माझ्याच अंगानं दिलेल्या त्या होकाराची सर कशालाच नाही.

त्यानंतर मी कामं मागत सुटले नाही, ती हिसकावून घेत गेले. खाटेवरून उठताना दोन्ही तळहातांवर भार देऊन उठायचं. गोठ्याचं जड दार रेटायचं. ओली चादर दगडावर दाबून पिळायची. दर कामात मला नवं काही दिसत गेलं. दार रेटताना पोटरी आधी ताठ होते, मग पाठ, मग खांदा. कोपर सगळ्यांत शेवटी येतं आणि श्रेय घेऊन जातं. कुठलाही स्नायू एकटा काहीच करू शकत नाही. एक ओढतो, समोरचा सोडतो, बाकीचे सांधा धरून ठेवतात म्हणून ओढणाऱ्याचं ओढणं कामी येतं. हात उघडत गेला. काटकोनातून निघाला, कोयत्याच्या पात्यासारखा वाकडा झाला, मग केळफुलासारखा नुसता झुकलेला. आणि तिथं थांबला. मी रेटलं, रेटलं; तो तिथंच. तो आजही तिथंच आहे.

वैशाख उजाडला. दारात मांडव पडला, खांबांना जांभळीचे टाळे बांधले, उन्हानं कोमेजणाऱ्या पानांचा तुरट वास घरभर झाला. मुरबाडहून वंदना आली, नव्या परकरात, हातभर हिरव्या बांगड्या घालून. बिचारीचा यात काहीच दोष नव्हता. अंगणात उखळ धुऊन मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, हळकुंडं घातली. पिवळ्या सुतानं बांधलेली जोडमुसळं काकीनं उभी धरली. गावातल्या बायका गोळा झाल्या, काकीनं गाणं धरलं, बाकीच्या मागून म्हणू लागल्या. ताई पाटावर बसली होती, मान खाली.

"करवलीचा हात," काकी म्हणाली, आणि वंदना पुढे झाली.

मी तिच्या आणि मुसळाच्या मधे जाऊन उभी राहिले.

गाणं एका ओळीवर अडखळलं. "मागं हो गो," काकी दातांतल्या दातांत म्हणाली. "लोकं हायत."

"लोकं हायत म्हणूनच. पाठची बहीण मी हाय."

"मोडका हात घाण्याला चालत नाय. सांगितलंय तुला."

"मोडका नाय. मोडला होता. आता जुळलाय."

"जुळलाय? मग कर सरळ. कर ना, बघू दे सगळ्यांना."

मी हात पुढे केला. मागचा स्नायू ओढत होता, मला जाणवत होता, वालाचा दाणा कधीच मागे पडला होता, चांगलं मुठीत मावेल एवढं बळ तिथं आलं होतं. हात उघडला, उघडला, आणि नेहमीच्या जागी थांबला. सगळ्या बायका त्या राहिलेल्या वाकाकडे बघत होत्या. कुणीतरी जिभेनं "च्‌च्" केलं.

"बघा," काकी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, हेही सांगायला हवं.

त्या "च्‌च्"नं मला उत्तर सुचवलं. "सरळ करून काय करायचंय काकी? तू हात सरळ ठेव आणि मुसळ उचलून दाखव."

"काय?"

"कोपर वाकवू नको. उचल."

काकी चिडली होती. चिडलेलं माणूस आव्हान झेलतं. तिनं दोन्ही हात काठीसारखे ताठ केले आणि मुसळ धरलं. ते वीतभर उठून डगमगलं आणि उखळाच्या काठावर आपटलं. शेजारची म्हातारी मथी आजी, जिनं गावातले निम्मे घाणे भरले होते, ती आधी फस्सकन हसली. मग ओटीवर कुणीतरी हसलं. "अगो, सरळ हातानं कोण कांडतं गो? वाकल्याबिगर मुसळ वर जायचं कसं?" आणि मग हसणं साऱ्या मांडवाला लागलं. पाटावर ताईचे खांदे हलू लागले.

त्या हसण्यात मी मुसळ धरलं. उजव्या हातानं, वर, जिथं पहिला हात धरतात तिथं. लाकूड गुळगुळीत आणि गार होतं. काकीचे हात माझ्या हाताखाली तसेच होते. तिनं ते काढले नाहीत. समोरून आई उठली. त्या दुपारनंतर काकीपुढे एक शब्द न बोललेली माझी आई, पदर खोचून समोर उभी राहिली आणि तिनं माझ्या बोटांच्या वर आपली बोटं ठेवली. आणखी दोघीजणी आल्या. मुसळ उठलं.

पहिले घाव वेडेवाकडे पडले. बाकीच्यांचे हात खालपर्यंत जायचे, माझा थोडा आधी थांबायचा; मुसळ तिरकं व्हायचं, हळकुंडं काठावरून उडायची. मी दात आवळले. मग मला कळलं, की घाव बदलतोय. आई खाली कमी वाकत होती. तिच्या शेजारची कमी वाकत होती. कुणी काही ठरवलं नाही, कुणी कुणाला खुणावलं नाही. चार बायकांचे दंड, खांदे, पाठी, पोटऱ्या माझ्या त्या अपुऱ्या कोपराचं माप घेऊन तेवढ्याच उंचीचा घाव घालू लागल्या. आता मुसळ सरळ पडत होतं. हळकुंड फुटलं; आतला केशरी, मातकट, झणझणीत वास वर आला आणि नाकातोंडात गेला.

"नीट दाब गो," काकी माझ्यावर खेकसली, वंदनावर किंवा कुणाही पोरीवर खेकसली असती तशी. "सांडतंय सगळं."

"सांडू दे," मी म्हणाले. "तू गाणं कशाला थांबवलंस?"

काकीनं माझ्याकडे जळजळीत पाहिलं, पुढचा घाव माझ्याबरोबर घातला, आणि जिथं सोडली होती तिथूनच ती ओळ वर उचलली.